मर्यादा आणि मोल

खेळाच्या नियमांवर गंभीर निबंध लिहावा, असे वर्षापूर्वी मला कोणी सुचविले असते, तर मी ते हसण्यावारी नेले असते. नीतिशास्त्र शिकविण्यात ज्याची पंचवीस वर्षे गेली, त्याने मुलांच्या खेळाचे नियम तपासीत बसावे, हा वेळेचा अपव्ययच नव्हे काय? परंतु गेल्या आषाढात असा एक प्रसंग घडला की, वर्गात शेकडो वेळा उच्चारलेला एक प्रश्न मला प्रथमच स्वतःस विचारावा लागला. तो प्रश्न असा: सद्गुणाला अंक लावला असता सद्गुण वाढतो, की नाहीसा होतो?

आषाढात मालवणचा किनारा उदास असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस समुद्रात जाण्याची बंदी. होड्या वाळूवर ओढून झापांखाली निजविलेल्या. आणि समोर सिंधुदुर्गाचा तट पावसाच्या पडद्याआड कधी दिसे, कधी लोपे. अशा दिवसांत माझा भाचा आपल्या तीन मित्रांसह पुण्याहून आमच्या घरी आला. त्यांनी मिळून एक नवा खेळ रचला होता. त्याच्या नियमांची टाचून केलेली पुस्तिका माझ्या हाती देऊन तो म्हणाला, “मामा, तुम्ही हे नुसते वाचू नका. आमच्याबरोबर खेळा, आणि मग काय चुकले ते सांगा.”

ज्या वाचकांस या जातीच्या खेळांचा परिचय नसेल, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. चारपाच माणसे मेजाभोवती बसतात. प्रत्येकजण एक भूमिका घेतो. कोणी खलाशी होतो, कोणी वैद्य, कोणी हेर. एकजण प्रसंग वर्णन करून सांगतो. बाकीचे आपापल्या भूमिकेत राहून आपण काय करणार ते बोलतात. ज्या कृत्याचे फळ अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय घेतात. येथे रूढ अर्थाने कोणी जिंकत नाही व कोणी हरत नाही. शेवटी सर्वांच्या हाती उरते ती एक गोष्ट. या खेळाचे मूळ युद्धविद्येत आहे. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली सैन्यातील अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरील युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. ते नियम इतके बारीक होते की, १८७६ साली व्हर्डी दु व्हर्नुआ या सेनानीने पुष्कळसे नियम बाजूस सारून अनुभवी पंचाच्या विवेकावरच निर्णय सोपवावा, असे प्रतिपादन केले. नियम श्रेष्ठ की विवेक, हा वाद असा दीडशे वर्षांचा जुना आहे. पुढे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रकाशित केला, आणि सेनापतीचे लक्ष सैन्यावरून निघून एकेका माणसाच्या भूमिकेवर आले. आजचे या जातीचे बहुतेक सर्व खेळ त्याचेच वंशज होत.

मुलांनी आपली कथा आमच्याच किनाऱ्यावर आणली होती. सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ साली सुरू होऊन १६६७ साली पुरे झाले. त्यानंतरच्या दहा वर्षांतील एका गलबतावर आम्ही सारे होतो. प्रसंग सांगणाऱ्यास त्यांनी ‘सूत्रधार’ असे नाव दिले होते, आणि ते काम भाच्याकडे होते. मला तांडेलाची भूमिका मिळाली. माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, फणसाचे गरे काढीत कडेला बसली होती. तिने खेळण्याचे नाकारले, पण ऐकण्याचे नाकारले नाही.

आता नियम. प्रत्येक भूमिकेस बळ, चपळाई, बुद्धी आणि धीर असे चार गुण, व प्रत्येकाचा एक अंक. कठीण कृत्य करावयाचे झाल्यास दोन फासे टाकून त्यांच्या बेरजेत त्या गुणाचा अंक मिळवावयाचा. एकूण १२ वा अधिक झाल्यास कृत्य सिद्धीस गेले. येथवर मला दोष दिसला नाही. उलट कौतुकच वाटले. दोन फाशांचे दान ३६ प्रकारांनी पडू शकते. ज्याचा अंक ३ त्यास यश देणारे प्रकार १०, ज्याचा ४ त्यास १५, ज्याचा ५ त्यास २१. म्हणजे एका अंकाचाही फरक जाणवावा, परंतु दुर्बळाची आशा सर्वस्वी मावळू नये आणि सबळास निर्धास्त झोप लागू नये, अशी ही योजना होती. संसारातही साधारणतः असेच असते.

परंतु पाचवा एक रकाना होता. त्याचे नाव ‘धर्म’. सत्कृत्य केल्यास त्यात एक अंक वाढे, दुष्कृत्य केल्यास एक घटे. आणि साठविलेला एक अंक खर्चून पडलेले फासे पुन्हा टाकता येत. मुलांना आपल्या खेळातील हीच गोष्ट सर्वांत अभिमानाची वाटत होती. बहुतेक खेळांत मारामारीस बक्षीस असते, आमच्या खेळात चांगुलपणास आहे, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे ऐकून मीही मान डोलावली.

पहिल्याच रात्री वादळाचा प्रसंग आला. काळोखात शत्रूची एक होडी उलटली होती, आणि पाण्यातून एका माणसाची हाक ऐकू येत होती. आमच्यातील जो खलाशी होता त्याने सूत्रधारास विचारले, “वाचवला तर धर्म किती?” उत्तर आले, “एक.” मग तिघांनी हिशेब मांडला. खलाशाची चपळाई ३, म्हणजे यशाचा संभव शेकडा २८. फासे पुन्हा टाकले तर तो ४८ च्या जवळ जाई; परंतु त्यासाठी धर्माचा एक अंक खर्ची पडे. एक मिळविण्यासाठी एक घालवायचा, उरले काय? गलबत पुढे न्यावे, असे ठरले. तेवढ्यात सूत्रधार म्हणाला, “पाण्यात एकूण तिघेजण आहेत.” त्याबरोबर खलाशी ओरडला, “म्हणजे तीन अंक! मी उडी टाकतो.”

सारे हसले. बहीण हसली नाही. गऱ्याची आठळी काढता काढता ती त्या मुलास म्हणाली, “गुण गावचे नसते, तर त्याका बुडाक दिलं असतंस काय रे?”

कोणी बोलेना. मुलांना जे वाटले असेल ते असो, मला मात्र त्या वाक्याने निराळ्याच ठिकाणी स्पर्श केला. कारण त्या हिशेबात मीही सामील होतो. तांडेल मी होतो. गलबत वळविण्याचा शब्द माझा होता. आणि तो शब्द उच्चारण्यापूर्वी मी माझ्या कागदावरील पाचवा रकाना पाहिला होता. दुसऱ्या कोणाचे नाव न घेता मी हे मान्य केले पाहिजे.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एक जुना प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांस घेऊन किनारा स्वच्छ करण्याच्या कामी गेलो होतो. त्या कामास तासांप्रमाणे गुण असत, आणि यादीवर सह्या घेण्याचे काम माझ्याकडे असे. त्या सकाळी एक मुलगा सर्वांच्या आधी येऊन जाळ्यांचे तुकडे गोळा करीत होता. बारा वाजता सह्या घेताना पाहिले, तो त्याचे नाव यादीत नव्हते. मी त्यास सहज म्हणालो, “तुझे नाव नाही, तुला याचे गुण मिळणार नाहीत.” तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग हातातील टोपली खाली ठेवून निघून गेला. पुढच्या वेळी तो आला नाही. मी त्याचे काही वाईट चिंतिले नव्हते; त्याचा तोटा होऊ नये म्हणूनच मी बोललो होतो. परंतु ज्या गोष्टीस तो किंमत लावीत नव्हता तिची किंमत मी त्यास सांगितली, आणि ती शून्य आहे असे सांगितले.

तेव्हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. कान्टने १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात मूल्याचे दोन वर्ग केले आहेत. काही वस्तूंना मोल असते. ज्यास मोल आहे त्याच्या जागी तितक्याच मोलाची दुसरी वस्तू ठेवता येते. काही गोष्टी मोलाच्या पलीकडील असतात. त्यांस प्रतिष्ठा असते आणि त्यांच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही. शीलाची गणना तो या दुसऱ्या वर्गात करतो. आमच्याकडे निष्काम कर्माचा जो उपदेश आहे, त्याची बैठक निराळी असली तरी या एका बाबतीत त्याचा रोख तोच आहे. हे सर्व मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पण मोलाचा अंक लिहिलेला कागद समोर आल्याबरोबर बुडणारा माणूस आणि फाशांचे एक दान यांची अदलाबदल होऊ शकते, हे मला त्या मेजावर प्रथम दिसले.

येथून मला नियमांचे दोन वर्ग पाडावेसे वाटतात. काही नियम मर्यादा घालतात, काही नियम मोल ठरवितात. प्रत्येक खेळास दोन्ही लागतात. मर्यादेवाचून तर खेळ संभवतच नाही. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात दाखविले आहे की, खेळाचा नियम साध्याकडे जाणारा सोपा मार्ग मुद्दाम बंद करतो, आणि आपण तो अडथळा खेळासाठीच राजीखुशीने पत्करतो. मोल ठरविणाऱ्या नियमांचे कार्य वेगळे. ते कशाच्या मागे धावावे हे सांगतात. म्हणून कोणत्याही नव्या खेळाची परीक्षा करताना दोन प्रश्न विचारावेत: याने मर्यादा कोठे घातली आहे? आणि याने मोल कशास लावले आहे?

आमच्याच जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पुष्कळांनी पाहिली असेल. खेळणारे मात्र आता विरळा. ही कला लोपू लागली असता १९७० च्या दशकात तेथील राजघराण्याने राजवाड्यात चिताऱ्यांस बसवून ती सावरली. लाखेने चकाकणारी गोल अशी १२० पाने. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची पाने. डाव दिवसा असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने आरंभ करावयाचा. रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. रामाचा जन्म माध्यान्हीचा व कृष्णाचा मध्यरात्रीचा, हे ध्यानी घेतले म्हणजे या नियमाचे सौंदर्य कळते. ही झाली मर्यादा. ती सर्वांस सारखी, आणि कोणाच्या लाभाची नाही. आता मोल पाहा. पाच रंगांत दहापासून खाली उतरत्या क्रमाने पानांचे बळ आहे. उरलेल्या पाच रंगांत तो क्रम उलटा, म्हणजे एक्का दश्शीला जिंकतो. एकाच खेळात एक हा दहाहून लहानही आहे व मोठाही आहे! खेळातील मोल हे असे नियमाने दिलेले असते. नियम उलटला की मोल उलटते. पानांच्या बाबतीत ही गंमत आहे. पण ‘धर्म’ या रकान्यात अंक लिहिला की धर्मही पानांच्या पंक्तीस बसतो; उद्या दुसऱ्या पुस्तिकेने तो उलटा केला तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

याच दृष्टीने द्यूतसभेचा प्रसंग पाहावा. त्या सभेत मोल कशास नव्हते? धन, राज्य, भाऊ, स्वतः युधिष्ठिर आणि अखेर द्रौपदी, प्रत्येकाचा पण लागला. मर्यादा मात्र कशासही नव्हती. द्रौपदीने विचारले की, राजाने आधी कोणास हरविले, स्वतःस की मला? हा प्रश्न नियमाचाच होता, आणि भीष्मासारखा ज्ञाता धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून थांबला. विदुर आणि विकर्ण यांनी विरोध केला, पण त्यांच्या शब्दाने डाव थांबावा असा नियमच तेथे नव्हता. अलीकडे या भूमिकांच्या खेळांत काही ठिकाणी एक साधी रीत आली आहे. मेजाच्या मध्यभागी एक पत्ता ठेवतात. कोणाही खेळणाऱ्यास प्रसंग असह्य झाला तर त्याने त्यास बोट लावावे, आणि कारण न विचारता तो प्रसंग तेथेच सोडावा. वरवर ही रीत पोरकट वाटेल. मला वाटते, हस्तिनापुराच्या सभेत असा एक पत्ता असता तर अठरा अक्षौहिणी वाचल्या असत्या.

कोणी म्हणेल की, आपल्या मोक्षपटात तर सद्गुणास शिडी व दुर्गुणास साप आहे. तेथे गुणांचे मोल लावलेले नाही काय? परंपरेने हा पट ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला जातो, म्हणून या आक्षेपास उत्तर दिले पाहिजे. मोक्षपटात शिडीच्या पायथ्याशी कवड्यांच्या दानाने येणे होते. दया हवी म्हणून कोणी दयेच्या घरी जाऊ शकत नाही, आणि क्रोध टाळावा म्हणून कोणास तो टाळता येत नाही. जेथे निवड नाही तेथे सौदाही नाही. पट आपणास शिकवितो, विकत घेत नाही. मुलांच्या खेळात निवड होती, म्हणूनच मोहही होता.

दुसऱ्या दिवशी हे सर्व मी मुलांस सांगितले, तेव्हा भाच्याने जो आक्षेप घेतला तो मोक्षपटाच्या आक्षेपाहून बळकट होता. तो म्हणाला, “मामा, आधीच्या खेळात आम्ही धर्माचा रकाना ठेवला नव्हता. तेव्हा सगळ्यांनी गावे लुटली. निदान आता कोणी लुटीत तरी नाही.” या बोलण्यात सत्य आहे आणि ते डावलून चालणार नाही. १९७४ च्या त्या मूळ खेळात मिळविलेल्या सोन्याच्या हिशेबाने भूमिकेचा अनुभव वाढे. तेव्हा पुष्कळ वीर राक्षसास वळसा घालून त्याची पेटी कशी पळवावी याचाच विचार करू लागले. नियम ज्यास मोल देतो तिकडे माणूस वळतो. मग चांगुलपणास मोल देऊन माणसास चांगुलपणाकडे का वळवू नये? सरकारही बक्षिसे देते, शाळाही देते. आपण मुलांस खाऊ देतोच की.

मला सुचलेले उत्तर पूर्ण आहे असा माझा दावा नाही. बक्षिसाने कृत्य घडते, हे खरे. परंतु ज्या दिवशी बक्षीस खर्चाहून कमी पडेल त्या दिवशी हाक मारणारा माणूस पाण्यात राहील, हेही तितकेच खरे. आणि ते आम्ही पाहिले होते. शिवाय लुटीस आवर घालण्याचा दुसरा मार्ग नाही असेही नाही. आमचा दशावतारच पाहा. जत्रेच्या रात्री मंडळी गावात येते. आख्यान कोणते आणि सोंग कोणाचे हे खेळापूर्वी ठरते. लिहिलेले संवाद कोणाजवळ नसतात. राक्षसाची भूमिका करणारा नट रंगात आला की आरडाओरडा करील, देवास पेचात टाकील, राजास निरुत्तर करील. त्यास अंक कोणी देत नाही आणि कोणी कापीत नाही. तरी तो नाटक लुटीत नाही. कारण राक्षसाचा वध व्हावयाचा ही मर्यादा त्यास, देवास आणि मांडवातील पोरासही ठाऊक आहे. मर्यादेच्या आत तो पूर्ण मोकळा आहे, म्हणूनच त्याचे बोलणे ऐकण्यासारखे होते. संकासुराचे मालवणी बोल ऐकून आपण पोट धरून हसतो, आणि तो मरणार हे जाणत असतो.

त्या दुपारी आम्ही सर्वांनी मिळून नियम बदलले. धर्माचे अंक काढून टाकले. त्यांच्या जागी असे ठरले की, प्रत्येकाने आरंभी आपली भूमिका कोणती एक गोष्ट काहीही झाले तरी करणार नाही ते सर्वांसमक्ष सांगावे. ते पाळल्यास लाभ नाही, मोडल्यास दंड नाही. मात्र मोडताना त्या भूमिकेच्या तोंडाने सर्वांस कारण सांगावे लागेल. मध्यभागी एक कोरा पत्ता ठेवला. आणि सूत्रधाराने फासे सर्वांसमोर टाकावेत, असेही ठरले.

संध्याकाळी पुन्हा खेळलो. खेळ कालच्यापेक्षा संथ झाला, हे कबूल केले पाहिजे. एका मित्रास तर जुनेच नियम बरे वाटले, आणि त्याचे म्हणणे मी खोडून काढू शकलो नाही. ज्या खलाशाने काल हिशेब केला होता, त्याने आज सांगितले की, आपण बुडत्याकडे पाठ फिरविणार नाही. सूत्रधाराने अर्थातच तसाच प्रसंग आणला, आणि या वेळी गलबतावर लहान मुले होती व पाणी आत येत होते. खलाशी पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग त्याने आपले वचन मोडले, आणि का मोडले ते सांगू लागला; दोन वाक्यांनंतर त्याचा आवाज बदलला. कोणी हसले नाही. माझ्या बहिणीने गऱ्यांचे ताट त्याच्यापुढे सरकविले आणि म्हणाली, “खा.” कालचा खलाशी बुडत्यांस वाचवूनही लहान वाटला होता, आजचा न वाचवताही माणूस वाटला.

निघताना भाच्याने विचारले की, छापून घेतलेल्या पन्नास कागदांवरील तो पाचवा रकाना आता खोडावा काय? मी म्हणालो, “खोडू नका. रकाना असू दे. त्यात अंक मात्र लिहू नका.” पावसाळा संपून महाविद्यालय पुन्हा किनाऱ्यावर जाईल, तेव्हा सह्यांची यादी माझ्याच हाती असेल, तो नियम बदलणे माझ्या अधिकारात नाही. परंतु यादीत नाव नसलेला मुलगा आला तर त्यास काय म्हणावयाचे नाही, एवढे मला आता कळले आहे.